मुद्देमाल: हातगाड्या, नग पाच

नवरात्र बसलं की ती घटना न बोलावता माझ्या दारात येऊन उभी राहते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, एका फरारी आरोपीशी विहिरीच्या कठड्यावरून दोन तास गप्पाही मारल्या, कारण तो खाली होता आणि वर यायला तयार नव्हता. पन्नाशी ओलांडल्यावर मी आपण होऊन वर्दी उतरवली. आता घरी चार पाहुणे जमले की म्हणतात, "साहेब, एखादी भारी केस सांगा." मी घसा साफ करतो, खुर्ची पुढे ओढतो, आवाज खाली आणतो आणि सांगतो, "पाच हातगाड्यांची चोरी." पाहुण्यांचे चेहरे पडतात. मला तो क्षण फार आवडतो. कारण अर्ध्या तासानंतर तेच पाहुणे चहा गार करून बसलेले असतात.

नावं कुणाचीच घेणार नाही. गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं, नेवाशाच्या बाजूचं, एवढ्यावर भागवा. काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. मी नवा फौजदार, मिशी नुकतीच वर्दीला शोभेल इतकी वाढलेली. पाऊस रुसलेला होता. पूर्वेकडच्या कोरड्या गावांतून माणसं पोट घेऊन आमच्या गावात उतरत होती, आणि ज्याला खडी फोडायची नव्हती तो भाड्याची हातगाडी धरत होता.

भाड्याच्या गाड्या गावात एकाच माणसाकडे मिळत. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. बाजारपेठेच्या मागे त्यांचं मोठं आवार होतं. सकाळी गाडी न्यायची, दिवे लागायच्या आत परत आणायची, दिवसाचा रुपया द्यायचा. धंदा होवो न होवो, रुपया ठरलेला. अण्णा वाईट माणूस नव्हता. कुणी आजारी पडलं तर आठवडाभर भाडं मागायचे नाहीत. पण बारा वर्षं गाडी ढकलूनही गाडी कुणाची होत नसे, ती अण्णांचीच राही.

बँका सरकारच्या होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या गावातल्या शाखेला एक नवा मॅनेजर आला. पुण्याकडचा, चष्मेवाला, बोलताना पुस्तकातून वाचल्यासारखा बोलणारा. पण गडी वेगळा निघाला. फेरीवाले बँकेची पायरी चढायला घाबरतात म्हटल्यावर तोच बाजारात उकिडवा बसून त्यांचे अर्ज भरू लागला. त्यानं पहिल्या खेपेला पाच जणांना कर्ज दिलं. तारण ठेवायला कुणाकडेच काही नव्हतं, म्हणून पाचही जण एकमेकांना जामीन. गावातल्या एकुलत्या एक सुतारानं गाड्या बांधल्या, निळा रंग दिला आणि प्रत्येक गाडीच्या पुढच्या फळीवर बँकेच्या नावाची पत्र्याची पाटी ठोकली. नारळ फुटले. मी बंदोबस्ताला होतो, म्हणजे खोबरं खायला होतो.

नवरात्राची तिसरी माळ. ठाण्यात सकाळची हजेरी चालली होती. तेवढ्यात एक बाई थेट रांगेपुढे येऊन उभी राहिली. पस्तिशीची, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला. पाचांपैकी ती एक. पेरू विकायची, म्हणून सगळे तिला पेरूवाली म्हणत. मूळची पाथर्डीकडची. उसाची मोळी उचलताना नवऱ्याची पाठ गेली, तेव्हापासून घर तिच्या हातावर होतं.

"गाडी गेली," ती म्हणाली.

"कुठं?" आमच्या हवालदारांनी विचारलं. हवालदार म्हणजे वीस वर्षं याच तालुक्यात मुरलेला माणूस. त्यांना रागही सावकाश यायचा आणि दयाही.

"ते ठावं असतं तर तुमच्याकडं कशापायी आले असते?"

"अवो बाई, हातगाडी म्हंजी काय शेळी हाय का, दावं तोडून जायला?"

"शेळी असती तर हाळी दिल्यावर आली असती. गाडीला कान न्हाईत म्हनून तर तुमी पायजे."

रांगेतला एक शिपाई फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे बघितलं, कारण मला स्वतःला हसू आवरत नव्हतं.

एक नव्हे, पाचही गाड्या गेल्या होत्या. पाचही जण रोज संध्याकाळी बंद पडलेल्या तेलघाण्याच्या भिंतीला गाड्या लावत आणि एकाच साखळीत पाचही गुंफून कुलूप घालत. सकाळी तिथे फक्त तुटलेली साखळी पडली होती. मी गुन्हा दाखल केला, कलम तीनशे एकोणऐंशी. घटनास्थळाचा पंचनामा झाला. चाकांच्या खुणा शोधल्या, तर बाजाराच्या रस्त्यावर खुणाच खुणा. पहाटे भाजीपाला आणायला पन्नास गाड्या जातात. हातगाडी ढकलत नेणाऱ्या माणसाकडे मान वळवून कोण बघतं?

दुपारपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला. "फेरीवाल्यांनीच विकून खाल्ल्या. बँकेचा पैसा, कुनाच्या बापाचा?" चहाच्या हॉटेलात हेच, न्हाव्याच्या दुकानात हेच. बँकेचा कॅशियरसुद्धा मॅनेजरला ऐकू जाईल अशा बेताने हेच म्हणत होता. जिल्ह्याहून मोठ्या साहेबांचा फोन आला, "त्या पाचांनाच आत घ्या, उलटे करा, गाड्या खाली पडतील."

मी उलटं कुणालाच केलं नाही. पाचांना वेगवेगळं बसवून एकच साधा प्रश्न विचारला, आदल्या संध्याकाळी कुलूप कुणी लावलं? केळीवाला म्हणाला, मी. भेळवाला म्हणाला, मी. चणेवाला म्हणाला, केळीवाल्याने लावलं पण नीट लागलं नव्हतं, मीच परत दाबलं. त्यावरून केळीवाला ठाण्यातच त्याच्या अंगावर गेला. हवालदारांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनात म्हटलं, ही माणसं चोर नव्हेत. खोटं बोलणारी माणसं आधी एकत्र बसून एकमत करून येतात. खरं बोलणारीच अशी कुलपावरून भांडतात.

पेरूवालीला मी शेवटी बोलावलं.

"लोक म्हणतात, तुम्ही गाड्या विकल्या."

"लोक म्हंत्यात." ती डोळ्याला डोळा देऊन बोलली. "साहेब, म्या अंगठा दिलाय. माझ्या अंगठ्यावर ती चौघं उभी हायती, अन् त्यांच्या अंगठ्यावर म्या. गाडी न्हाई घावली तर म्या जाईन खडी फोडाया, त्याचं काय न्हाई. पर बँकेचा त्यो चष्मेवाला पोरगा मला 'बाई, बसा' म्हनला हुता. खुर्चीवर. त्याला म्या काय तोंड दावू?"

त्याच संध्याकाळी चष्मेवाला पोरगाही ठाण्यात आला. चेहरा उतरलेला. "साहेब, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वरिष्ठ येणार आहेत, गाड्या प्रत्यक्ष पाहायला. माझी दुसरी यादी त्यांच्या टेबलावर आहे, चाळीस नावं. चांभार, कासार, शिलाई करणाऱ्या बायका. या पाच गाड्या दिसल्या नाहीत तर ती यादी कायमची परत येईल."

म्हणजे माझ्या हातात सहा-सात दिवस. तरुण फौजदार होतो. मोठ्या साहेबांच्या फोनने जेवढा पेटलो नव्हतो, तेवढा त्या खुर्चीच्या गोष्टीने पेटलो. ठरवलं, गाड्या दसऱ्याच्या आत आणायच्या.

पहिला दिवस सोनईच्या बाजारात घालवला. जुन्या लाकडाचे व्यापारी, लोहार, भंगारवाले, सगळे पालथे घातले. हाती लागला एक मोडका टांगा. दुसरा दिवस नगर रोडच्या मालट्रकवाल्यांना विचारण्यात गेला. मधल्या काळात पाचांपैकी चौघे नाइलाजाने अण्णांच्या आवारात जाऊन पुन्हा भाड्याची गाडी घेऊन आले होते. पेरूवाली गेली नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती दारोदार हिंडत होती. मी विचारलं तर म्हणाली, "एकदा सोताची गाडी ढकलली की दुसऱ्याची जड लागती."

पाचव्या माळेला केळीवाला मला रस्त्यात भेटला. अण्णांची हिरवी गाडी ढकलत होता. "साहेब, हसू नका, पर ही गाडी हाताला लई वळखीची लागती. डावीकडं वढती, माझी वढायची तशीच."

मी हसलो. "अरे बाबा, सगळ्या गाड्या एकाच सुताराच्या. त्याचा हातच डावीकडे ओढत असेल."

लिहून ठेवतो, हे मी म्हणालो. शहाणपणाच्या नादात पोलीस किती आंधळा होतो याचा तो उत्तम नमुना होता.

खबर मिळाली ती सातव्या माळेला, आणि खबऱ्या होत्या आमच्या हवालदारीणबाई. हवालदार सकाळी येऊन कानाशी लागले. "साहेब, मंडळी काल देवीला गेलती. म्हनत हुती, अण्णाच्या आवाराम्होरनं जाताना रंगाचा वास नाकात बसला."

"दसरा आहे हवालदार. लोक घराला, बैलगाडीलासुद्धा रंग देतात."

"त्येच म्या म्हनलं. तर ती म्हनली, अण्णानं गेल्या बारा दसऱ्यात कधी ब्रश धरला न्हाई. कंजूस मानूस."

नवऱ्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्या बाईने पोलिसी डोळा उचलला होता. दिवे लागायच्या सुमारास, गाड्या परत आल्यावर, आम्ही दोघे आवारात गेलो. तीसेक गाड्या, सगळ्या ताज्या हिरव्या. अण्णांनी गादीवरून न उठता पानाचा डबा पुढे केला.

"या फौजदार साहेब. यंदा म्हनलं, लक्ष्मीला जरा नटवावं."

"गाड्या वाढल्यासारख्या दिसतात."

"गेल्या महिन्यात बाजूच्या गावांतून जुन्या घेतल्या काही. रोखीनं. पावती कोन ठेवतंय?"

सुताराला बोलावलं. त्याने गाड्यांवरून हात फिरवला, अण्णांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "माज्याच हातच्या हायती साहेब सगळ्या. पर रंग चढल्यावर कुठली कुनाची, म्या कसं सांगू?" त्याचं मोठं गिऱ्हाईक समोर गादीवर बसलं होतं. मला संशय होता, पुरावा नव्हता. संशयावर तीस गाड्या जप्त केल्या असत्या तर गावातले तीस जण उपाशी राहिले असते. मी पान न खाता परत आलो. पान खाल्लं नाही हे हवालदारांना फार लागलं.

खंडेनवमी उजाडली. नवरात्राचा नववा दिवस. त्या दिवशी आपल्याकडे प्रत्येक जण आपापल्या हत्याराची पूजा करतो. सुतार करवतीची, न्हावी वस्तऱ्याची, आणि पोलीस ठाणं मस्केटांची. हवालदार सोवळ्याच्या धोतरात आले होते. बंदुका ओळीत मांडल्या, हातकड्या, कोठडीचं कुलूप, टाईपरायटर, सगळ्याला कुंकू लागलं. मी माझी टोपी पुढे केली, तिलाही लावलं. एक नवा शिपाई उत्साहात मुद्देमाल खोलीत शिरला आणि जप्त केलेल्या एका सायकलला कुंकू लावायला गेला. हवालदार एवढे सावकाश माणूस, पण उडी मारून त्यांनी त्याचा हात धरला.

"अरं येड्या! चोरीची हाय ती. तिला कुंकू लावतोस व्हय?"

"का हो? सायकलच तर आहे," मी म्हटलं.

"न्हाई साहेब. हत्याराला कुंकू ज्याचं त्यानं लावायचं. देवी इचारल, कुनाची रं ही? तर ह्यो काय सांगनार? मुद्देमाल नंबर सतरा?"

सगळे हसले. मीही हसलो आणि विसरलो.

दुपारी अण्णांकडून आरतीचं बोलावणं आलं. ते दर वर्षी ठाण्याला बोलावत. मी मुद्दाम वर्दीत गेलो, हवालदार बरोबर. आवार सजलेलं. व्यापारी, शेजारी, गुरुजी, भाड्याने गाडी घेणारे बरेच जण. खंडेनवमीला गाडी बाहेर काढत नाहीत, म्हणून सगळ्या गाड्या आवारात ओळीने उभ्या होत्या. पेरूवालीही मागे एका कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. गर्दी दिसली की धंदा करायचा, एवढाच तिचा हेतू असावा.

आरतीला अवकाश होता. मी हात मागे बांधून ओळींमधून फिरू लागलो, जसा परेडच्या तपासणीला फिरतो. प्रत्येक गाडीच्या पुढच्या फळीवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूची माळ. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी ओळ भिंतीला लागून. तिथे मी थांबलो.

पाच गाड्या कोऱ्या होत्या.

मला आजही आठवतं, माझ्या कानशिलात एक टिचकी वाजल्यासारखं झालं. मी हवालदारांकडे बघितलं. ते माझ्याही आधी मोजून उभे होते. त्यांच्या ओठांवर फक्त दोन शब्द आले. "नंबर सतरा."

माझ्यात एक नाटक्या बसलेला आहे, तो त्या दिवशी मी मोकळा सोडला. आवारभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अण्णा, या पाच लेकींवर एवढा राग का?"

अण्णा लगबगीने आले. "राग कसला साहेब. झेंडू लई महाग झालाय औंदा. पाऊस न्हाई, फुलं न्हाईत. माळ पुरली न्हाई."

"खरं आहे. झेंडू महाग आहे." मी मान डोलावली. "आणि कुंकू?"

अण्णांनी शेजारच्या गाडीची माळ उगाच नीट केली.

अण्णांच्या पत्नी, पांढऱ्या केसांच्या, मोठं कुंकू लावलेल्या काकू, आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकू, जरा ताट द्या." ताटातली कुंकवाची वाटी मी अण्णांपुढे धरली. "लावा अण्णा. एक बोट पुरे. मालकाच्या हातानं."

गुरुजींनी घंटा वाजवायची थांबवली.

अण्णांनी अनामिका वाटीत बुडवली. गाडीपाशी नेली. फळीपासून चार बोटं अंतरावर ती थांबली. कुंकवाचा एक ठिपका खाली त्यांच्याच पायावर पडला.

"आवो, लावा की," काकू म्हणाल्या. मग त्या नवऱ्याकडे नीट बघू लागल्या. आवाज बदलला. "लावा म्हंते ना. का लावीत न्हाई? आवो... कुनाच्या हायती ह्या?"

माझ्या सगळ्या नोकरीत मी जेवढ्या उलटतपासण्या पाहिल्या, त्यात ही सगळ्यात छोटी आणि सगळ्यात जबरदस्त. वकील नव्हता, पट्टा नव्हता. बायकोने प्रश्न विचारला होता आणि समोर देवी होती.

अण्णांनी बोट धोतराला पुसलं. "न्हाई लावता येत," म्हणाले.

पेरूवाली कधी उठून पुढे आली कुणाला कळलं नाही. ती पाच गाड्यांवरून नजर फिरवत होती, पण एकीलाही हात लावत नव्हती. मी म्हटलं, "बाई, घ्या ओळखून." तर म्हणाली, "थांबा साहेब. आधी ते काय सांगत्यात ते ऐकू द्या. लोकं म्हनली हुती आमी विकल्या. लोकांना ऐकू द्या."

आणि लोकांनी ऐकलं. तरीही एक कायदा इथे सांगून ठेवतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. चालते ती कबुलीवरून सापडलेली वस्तू. म्हणून मी गुरुजींना आणि एका फुलवाल्याला पंच म्हणून बसवलं आणि विचारलं, "बँकेच्या पाट्या कुठं आहेत?" अण्णा पुढे झाले, आपल्या रोजच्या बैठकीची गादी उचलली. खाली पाच पत्र्याच्या पाट्या, एकावर एक, नीट रचून.

"फेकल्या का नाहीत?" मला राहवेना.

"पत्रा चांगला हुता साहेब. कशाला तरी कामाला आला असता."

हवालदार तोंड फिरवून हसले. सहा दिवस अण्णा बँकेवर बसून होते. मी शेजारी उभा राहून पान नाकारलं होतं, पण गादी उचलली नव्हती, की रंग नखाने खरवडूनही पाहिला नव्हता. चाकूने हिरवा रंग खरवडला तर खाली निळा, आणि पुढच्या फळीवर रंगाखाली बुजलेली पाटीच्या खिळ्यांची चार चार भोकं. पंचनामा झाला, गाड्या जप्त. अण्णांनी त्यांच्या दोन हमालांकडून साखळी तोडून घेतली होती आणि पहाटेच्या वर्दळीत गाड्या एकेक करून दोनशे पावलांवर आवारात आणल्या होत्या. गाड्या वाटणाऱ्या त्यांच्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे एक गाडी चुकून भाड्याने गेली होती. कुणाला, हे तुम्ही ओळखलं असेल. केळीवाला दोन दिवस स्वतःच्याच गाडीचं भाडं भरत होता. कळल्यावर तो मला म्हणाला, "साहेब, तुमी हसला हुता." मी म्हटलं, "हो."

ठाण्यात मी अण्णांना चहा दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. "साहेब, ह्या मानसांना बारा वरसं म्या गाडी दिली. कागूद न्हाई, जामीन न्हाई. आजारपनात भाडं सोडलं. अन् येक चष्मेवाला येतो, अन् समदी माज्याकडं पाठ फिरवत्यात. म्या चोरी न्हाई केली. म्या माजी मानसं परत आनत हुतो."

"मानसं परत आनली न्हाईत अण्णा," हवालदार सावकाश म्हणाले. "मानसं बांधून ठेवायचा इचार हुता तुमचा. म्हनून तर बोट थांबलं."

दसऱ्याला सुट्टी, म्हणून अण्णांना मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या घरी हजर केलं. पुढे रीतसर खटला होऊन त्यांना शिक्षा झाली, फार मोठी नाही. पण माझ्यापुढे आता वेगळाच पेच होता. गाड्या सापडल्या, तरी त्या आता मुद्देमाल. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ठाण्याच्या आवारातून हलवता येत नाहीत. आणि बँकेचे वरिष्ठ उद्या सकाळी येणार.

मॅनेजर रडकुंडीला आला. "साहेब, ते म्हणतील, तारण जाग्यावर नाही."

मी म्हटलं, "त्यांना इकडे आणा. पोलीस ठाण्याहून सुरक्षित जागा गावात दुसरी कुठली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच गाड्या ठाण्यासमोर ओळीत उभ्या केल्या, प्रत्येकीमागे तिचा मालक. वरिष्ठ आले ते कोरा करकरीत कोट घालून, कपाळावर आठ्या चढवून. त्यांनी तपासणी सुरू करण्याआधी मात्र एक गोष्ट घडली. पेरूवाली पुढे आली. पदराच्या गाठीतून तिने कुंकवाची पुडी काढली आणि झेंडूचं एक फूल. महाग असलेलं.

"साहेब, खंडेनवमीला ऱ्हायली हुती. लावू का?"

आता बघा, मुद्देमालाला कुणी हात लावायचा नसतो. त्यावर काही चढवायचं नसतं, त्याच्यावरून काही पुसायचं नसतं. फौजदार म्हणून माझं उत्तर ठरलेलं होतं. मी हवालदारांकडे बघितलं, ज्यांनी सायकलवरून शिपायाचा हात धरला होता.

हवालदार टोपी काढून म्हणाले, "म्या काय म्हनलो हुतो साहेब? ज्याचं त्यानं लावायचं."

तिने बोट बुडवलं आणि फळीवर स्वस्तिक काढलं. बोट जराही थांबलं नाही. सरळ चार रेघा, चार टिंबं, आणि मध्ये ते एक फूल. मग पुडी केळीवाल्याकडे, तिथून भेळवाल्याकडे, अशी पाचही गाड्यांवर फिरली. कोटवाले साहेब हे सगळं बघत होते. त्यांनी खिळ्यांची भोकं तपासली, पाट्या जुळवून पाहिल्या. शेवटी त्यांनी पेरूवालीला विचारलं, "बाई, हप्ता वेळेवर भराल ना?"

ती म्हणाली, "साहेब, म्या खंडेनवमी सुदीक दोन दिस उशिरा का हुईना, पर भरली. हप्ता कशाला चुकल?"

ते हसले. ती चाळीस नावांची यादी मंजूर झाली. पुढची तीन वर्षं मी त्या गावात होतो. पेरूवालीचा एक हप्ता उशिरा आला, तो नवऱ्याच्या दवाखान्यापायी, आणि त्याची खबर बँकेला तिनेच आधी जाऊन दिली. खुर्चीवर बसून.

या केसने मला काय शिकवलं? एक तर हसण्याआधी समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यावं. केळीवाल्याचे हात सुतारापेक्षा खरं बोलत होते. दुसरं असं की, कागद, पावती, साक्षीदार हे सगळं मालकी सिद्ध करायला लागतं, आणि मी ते आयुष्यभर गोळा केलं. पण त्यानंतर कुठल्याही चोरीच्या तपासाला गेलो की मी आधी उभा राहून बघायचो, वस्तूजवळ माणूस कसा वागतो. आपल्या वस्तूशी माणूस बेफिकीर असतो, तिला लाथ मारतो, तिच्यावर ओरडतो, सणाला तिला नटवतो. चोरीच्या वस्तूशी तो फार जपून वागतो. अनेकदा मला याने वाट दाखवली.

राहिला मुद्देमालात केलेला फेरफार. तो नोंदवणं भाग होतं. नियम मोडायला माझी ना नसते, पण लपवायला मात्र आहे. त्या दिवशीच्या स्टेशन डायरीत हवालदारांनी आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवली. मी ती दोनदा वाचली आणि एक अक्षर न बदलता खाली सही केली:

"मुद्देमाल हातगाड्या, नग पाच. तपासणी केली. प्रत्येक गाडीस मूळ मालकाने स्वहस्ते कुंकू लावले. ठाण्याची हरकत नाही."